प्रवेश देताना जन्म किती पाहावा? वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी विद्यापीठांच्या प्रवेशांत वंशाचा विचार करण्यावर जी बंधने घातली, त्यांविषयी विचारणारी बरीच पत्रे या वेळी आली आहेत. बारावीनंतरच्या प्रवेशफेऱ्या आणि परदेशी विद्यापीठांचे अर्ज यांची चर्चा आता तालुक्याच्या गावांतही एकाच ओसरीवर होते, त्यामुळे असेल कदाचित, पण बहुतेक पत्रांत तिकडचा निकाल आणि इकडचे आरक्षण यांची सरमिसळ झालेली दिसते. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे न छापता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न (हिंगणघाट, जि. वर्धा): माझी मुलगी अमरावतीला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून तिला अमेरिकेत एम.एस. करायचे आहे. आम्ही अनुसूचित जातीचे आहोत आणि मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. नागपूरच्या एका सल्लागाराने सांगितले की, तिकडे आता आरक्षण बंद झाल्यामुळे निबंधात जातीचा उल्लेख केला तर अर्ज बाद होतो. दुसऱ्याने सांगितले की, जात ठळकपणे लिहा, त्याचा फायदा मिळतो. कोणाचे ऐकावे?

उत्तर: गुरुजी, दोघांचेही ऐकू नये. दोन्ही सल्ले एकाच अर्धवट माहितीतून निघालेले आहेत, म्हणून आधी निकाल काय आहे ते पाहू.

‘स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स’ या संस्थेने हार्वर्ड या खासगी आणि नॉर्थ कॅरोलायना या सरकारी विद्यापीठाविरुद्ध दोन वेगळे दावे लावले होते. प्रवेश ठरवताना अर्जदाराचा वंश लक्षात घेतला जातो आणि त्यात आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांवर अन्याय होतो, अशी तक्रार होती. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बहुमताचा निकाल लिहिला. नॉर्थ कॅरोलायनाच्या प्रकरणात तो सहा विरुद्ध तीन असा लागला. हार्वर्डच्या प्रकरणात सहा विरुद्ध दोन असा लागला, कारण न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन पूर्वी हार्वर्डच्या एका नियामक मंडळावर असल्याने त्या सुनावणीपासून दूर राहिल्या. सरकारी विद्यापीठाला अमेरिकी राज्यघटनेची १८६८ मध्ये आलेली चौदावी दुरुस्ती लागू होते, जी कायद्याच्या समान संरक्षणाची हमी देते. खासगी विद्यापीठ केंद्र सरकारचा निधी घेत असेल तर त्याला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण लागू होते, आणि असा निधी न घेणारे मोठे विद्यापीठ तिकडे शोधूनही सापडणे कठीण आहे. त्यामुळे ‘हा निकाल फक्त हार्वर्डपुरता आहे’ असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

न्यायालयाने मुख्यतः असे म्हटले की, अर्जदार अमुक वंशाचा आहे एवढ्याच कारणाने त्याच्या पारड्यात वजन टाकता येणार नाही. विद्यापीठे जी उद्दिष्टे सांगत होती, म्हणजे भावी नेतृत्व घडवणे, विचारांची देवाणघेवाण वाढवणे इत्यादी, ती न्यायालयाला मोजता येण्याजोगी वाटली नाहीत. जागा मर्यादित असल्याने एकाला दिलेला लाभ दुसऱ्याचे नुकसान ठरतो. आणि ही पद्धत केव्हा संपणार याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. शिवाय वंशाचे रकानेच इतके ढोबळ होते की ‘आशियाई’ या एका रकान्यात दक्षिण आशियातील आणि पूर्व आशियातील सगळे एकत्र कोंबलेले होते. हा शेवटचा आक्षेप मला पूर्णपणे पटतो. वर्ध्याची मुलगी आणि टोकियोचा मुलगा यांना एकाच रकान्यात बसवून कोणती विविधता मोजली जाते, हे मला आजवर कळलेले नाही. मात्र त्यावरून रकाने अधिक बारीक करावेत असाही निष्कर्ष निघू शकला असता. न्यायालयाने रकानेच नकोत असा काढला. न्यायमूर्ती सोनिया सोटोमेयर आणि जॅक्सन यांनी आपल्या विरोधी मतांत नेमके हेच बजावले की, समाजात वंशभेद जिवंत असताना कायद्याने डोळे मिटून घेतले म्हणून तो नाहीसा होत नाही.

आता निबंधाकडे वळू. त्याच निकालाच्या अखेरीस सरन्यायाधीशांनी स्पष्ट केले आहे की, वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, भेदभाव सोसावा लागला की त्यातून प्रेरणा मिळाली, हे अर्जदाराने लिहिले तर विद्यापीठाला ते विचारात घेण्यास मनाई नाही. अट अशी की, लाभ द्यायचा तो त्या व्यक्तीच्या धैर्याला आणि चिकाटीला द्यावा, तिच्या वंशाला नव्हे, आणि जे उघडपणे करता येत नाही ते निबंधाच्या आडून करू नये. निकाल वंशाविषयी आहे. जातीविषयी त्यात काहीही ठरवलेले नाही. म्हणून जातीचा उल्लेख केला म्हणून अर्ज बाद होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि उल्लेख केला म्हणून गुण वाढण्याचाही नाही. आपल्याकडील जातीचे प्रमाणपत्र तिकडच्या अर्जाला जोडून काहीच साधत नाही. आपल्या मुलीने एखाद्या प्रसंगात काय सहन केले, त्यानंतर तिने काय केले आणि त्याचा तिच्या अभ्यासविषयाशी काय संबंध आहे, हे सांगण्यासारखे असेल तर तिने ते तपशिलाने लिहावे. सांगण्यासारखे नसेल तर ओढूनताणून लिहू नये. एम.एस.चे प्रवेश बहुधा त्या त्या विभागाचे प्राध्यापक पाहतात आणि त्यांचे लक्ष विषयातील तयारी, प्रकल्प आणि शिफारसपत्रे यांवर अधिक असते.

आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. अमेरिकेतील विद्यापीठे सरकारला जी वांशिक आकडेवारी देतात, तीत परदेशी विद्यार्थ्यांची गणना वंशानुसार होत नाही. त्यांचा रकाना वेगळा असतो. म्हणजे आपली मुलगी त्या वादात मुळातच कडेला उभी आहे. दुसरे असे की, महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, जी दरवर्षी अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना दिली जाते, किंवा केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, यांचा निर्णय भारतात भारतीय कायद्यानुसार होतो आणि त्यांना अमेरिकी निकालाचा काडीचाही धक्का लागत नाही. तेथे जातीचे प्रमाणपत्र अवश्य लागते. राज्याच्या योजनेत क्यूएस या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीतील पहिल्या २०० विद्यापीठांची अट आहे, म्हणून विद्यापीठांची यादी करतानाच ती पाहावी. उत्पन्नमर्यादा आणि वयाची अट मात्र त्या वर्षाच्या जाहिरातीतूनच तपासून घ्यावी, कारण त्या बदलत असतात.

प्रश्न (वणी, जि. यवतमाळ): अमेरिकेत आपल्यासारखे आरक्षण होते तरी का? असेल तर किती टक्के?

उत्तर: आपल्यासारखे, म्हणजे ठरावीक टक्केवारीचे आरक्षण तेथील प्रवेशांत १९७८ पासूनच बेकायदा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. ॲलन बॅकी या श्वेतवर्णीय अर्जदाराने त्याविरुद्ध दाद मागितली आणि न्यायालयाने त्या १६ जागांची व्यवस्था रद्द केली. पण न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांच्या मतामुळे एक फट शिल्लक राहिली. राखीव जागा नकोत, तथापि अनेक बाबींपैकी एक जमेची बाब म्हणून वंश पाहता येईल, अशी ती फट होती. पुढची पंचेचाळीस वर्षे तिकडची विद्यापीठे त्या फटीतूनच ये-जा करीत होती.

२००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाची दोन प्रकरणे एकाच दिवशी निकाली निघाली. पदवीच्या प्रवेशासाठी १५० गुणांची मोजणी होती आणि अल्पसंख्याक वंशाच्या प्रत्येक अर्जदाराला आपोआप २० गुण मिळत. ती पद्धत न्यायालयाने रद्द केली. विधी महाविद्यालयात मात्र प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे वाचून त्यात वंशाचाही विचार केला जाई. ती पद्धत पाच विरुद्ध चार मतांनी टिकली. जिनिंगवर आलेल्या कापसाच्या प्रत्येक गाडीचा ओलावा वेगळा मोजणे आणि गावाचे नाव ऐकून सरसकट भाव लावणे यांत जो फरक आहे, तोच न्यायालयाने येथे केला. विधी महाविद्यालयाच्या निकालात न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी आणखी २५ वर्षांनी अशा पद्धतीची गरज उरणार नाही अशी अपेक्षा लिहून ठेवली होती. ती मुदत २०२८ ला भरली असती. न्यायालय पाच वर्षे आधीच थांबले.

काही राज्यांनी तर सर्वोच्च न्यायालयाची वाट न पाहता सार्वमताने आपल्या सरकारी विद्यापीठांत बंदी घातली होती. कॅलिफोर्नियाने ती १९९६ मध्ये आणि मिशिगनने २००६ मध्ये घातली. बर्कली किंवा लॉस एंजेलिस येथे अर्ज करणाऱ्यांच्या दृष्टीने म्हणूनच २०२३ मध्ये फारसे काही बदलले नाही.

आपल्या भागातील वाचकांनी विशेष पाहावे ते टेक्सासचे उदाहरण. १९९६ मध्ये तेथील केंद्रीय अपील न्यायालयाने प्रवेशांत वंशाचा विचार करण्यास मनाई केली, तेव्हा विधिमंडळाने पुढच्याच वर्षी कायदा केला की, राज्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेच्या पहिल्या दहा टक्के विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश मिळेल. शाळा शहरातील असो की ओसाड माळरानावरच्या खेड्यातील, तिचे पहिले दहा टक्के हे पहिलेच धरले जातील. या कायद्याला कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक वस्त्यांतील आमदारांबरोबरच ग्रामीण भागातील श्वेतवर्णीय आमदारांनीही पाठिंबा दिला, कारण त्यांच्या मतदारसंघांतील मुलेही ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठापर्यंत फारशी पोहोचत नव्हती. अर्ज इतके वाढले की २००९ मध्ये ऑस्टिनला अशा थेट प्रवेशांवर मर्यादा घालण्याची मुभा द्यावी लागली. या कायद्यात वंशाचे नावही नाही, त्यामुळे २०२३ च्या निकालाने त्याला हात लागलेला नाही. त्याची एक बोचरी बाजूही आहे. तेथील वस्त्या आणि म्हणून शाळा वंशावर विभागलेल्या आहेत, तेवढ्यामुळेच या मार्गाने सर्व वंशांची मुले विद्यापीठात येतात. शाळा एकमेकींत मिसळल्या तर हा उपाय तितका चालणार नाही.

तरीही, एटापल्लीच्या आश्रमशाळेतील पहिल्या मुलीची तुलना लातूर-नागपूरच्या शिकवणीवर्गांतील मुलांशी न करता तिच्या शाळेतील इतरांशी करावी, या कल्पनेचा आपल्या राज्यात कोणी गंभीरपणे विचार केलेला मला आढळला नाही.

प्रश्न (आरमोरी, जि. गडचिरोली): मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वर्गात काही जण म्हणतात की, अमेरिकेच्या निकालाचा दाखला देऊन आपले सर्वोच्च न्यायालयही शिक्षणातील आरक्षण रद्द करील. असे होऊ शकते का?

उत्तर: अमेरिकी निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, तो केवळ वाचून दाखवता येतो. पण तेवढ्यावर आपले समाधान होऊ नये, कारण खरा फरक राज्यघटनेच्या बांधणीत आहे आणि तो समजून घेण्यासाठी १९५१ पर्यंत मागे जावे लागेल.

मद्रास प्रांतात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या जागा समाजवार वाटून देणारा जुना शासकीय आदेश होता. प्रत्येक १४ जागांपैकी ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागास हिंदूंना २, ब्राह्मणांना २, हरिजनांना २, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती यांना मिळून १ आणि मुसलमानांना १, अशी ती वाटणी होती. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण स्त्रीने तिला आव्हान दिले. गंमत अशी की, त्यांनी महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्जही केलेला नव्हता, आणि तरीही त्यांची याचिका ऐकली गेली. ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. आपल्या घटनेतील अनुच्छेद २९ च्या दुसऱ्या खंडात केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणांवरून सरकारी अथवा अनुदानित संस्थेत प्रवेश नाकारता येणार नाही असे म्हटले आहे, आणि नोकरीसाठी जसा अपवाद घटनेत होता तसा शिक्षणासाठी नव्हता. म्हणजे त्या दिवशी आपले न्यायालय आणि २०२३ चे अमेरिकी न्यायालय जवळपास एकाच ठिकाणी उभे होते.

पुढे जे घडले त्यात दोन्ही देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अवघ्या अडीच महिन्यांत, १८ जून १९५१ पासून, पहिली घटनादुरुस्ती अमलात आली आणि भेदभावास मनाई करणाऱ्या अनुच्छेद १५ ला चौथा खंड जोडला गेला: सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांच्या उन्नतीसाठी विशेष तरतूद करण्यास राज्याला काहीही आडवे येणार नाही. संसदेत त्या दुरुस्तीची बाजू मांडणाऱ्यांत विधिमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. असेच पुन्हा २००५ मध्ये घडले. विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही असे न्यायालयाने पुण्यातून गेलेल्या इनामदार प्रकरणात म्हटले, त्यावर संसदेने त्र्याण्णवावी दुरुस्ती करून पाचवा खंड घातला आणि २०१४ मध्ये न्यायालयाने तोही खासगी संस्थांपुरता वैध ठरवला. २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी सहावा खंड आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तो तीन विरुद्ध दोन मतांनी टिकला.

अमेरिकेत न्यायालयाला असे उत्तर देणे जवळजवळ अशक्य आहे. तेथे घटना बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते आणि त्यानंतर ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. आजवर २७ दुरुस्त्या झाल्या आणि शेवटची १९९२ मधली आहे. त्यामुळे चौदाव्या दुरुस्तीतील समान संरक्षणाच्या एका वाक्याचा अर्थ नऊ न्यायाधीश जो लावतील तोच चालतो. आपल्याकडे जी परवानगी घटनेच्या मजकुरातच लिहिलेली आहे, ती तिकडे न्यायाधीशांच्या मतावर तगून होती, आणि न्यायाधीश बदलले तसे ते मतही बदलले. आपल्या वर्गमित्रांना सांगण्यासारखी मुख्य गोष्ट ही आहे.

अमेरिकेचा दाखला देण्याचा प्रयत्न येथे झालेला आहे. आयआयटी आणि आयआयएमसारख्या केंद्रीय संस्थांत इतर मागासवर्गांना २७ टक्के आरक्षण देणाऱ्या कायद्याला आव्हान दिले गेले, तेव्हा वंशावर आधारित प्रत्येक तरतूद संशयास्पद मानून तिची अत्यंत कठोर छाननी करण्याची अमेरिकी कसोटी येथेही लावावी, असा युक्तिवाद झाला. एप्रिल २००८ च्या अशोक कुमार ठाकूर निकालात न्यायालयाने ती कसोटी भारतात लागू होत नाही असे स्पष्ट केले आणि कायदा टिकवला. मात्र इतर मागासवर्गांतील उन्नत गट, म्हणजे क्रिमी लेअर, वगळण्यास सांगितले.

याचा अर्थ आपल्याकडे मर्यादा नाहीत असा कोणी घेऊ नये. १९६२ मध्ये म्हैसूर राज्याने शिक्षणात ६८ टक्के जागा राखल्या, तेव्हा बालाजी प्रकरणात न्यायालयाने त्या अवाजवी ठरवून साधारणपणे निम्म्याच्या आत राहावे असे म्हटले. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५० टक्क्यांची मर्यादा पक्की केली. ५ मे २०२१ रोजी महाराष्ट्राचा मराठा आरक्षणाचा कायदा रद्द झाला, तो प्रामुख्याने ही मर्यादा ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिती राज्याला दाखवता आली नाही म्हणून. त्यानंतर राज्याने २०२४ मध्ये नवा कायदा करून १० टक्के आरक्षण दिले आणि त्यालाही न्यायालयात आव्हान मिळाले. एकंदरीत, अमेरिकेत भांडण ‘पाहावे की पाहू नये’ याचे आहे आणि आपल्याकडे ‘किती, कोणाला आणि कशाच्या आधारावर’ याचे. आपल्या वर्गातील वादही या तीन प्रश्नांवर आणला तर त्यातून अधिक निष्पन्न होईल.

प्रश्न (मेहकर, जि. बुलढाणा): वंश आणि जात पाहण्यावर एवढी चर्चा होते, पण विदर्भाच्या वाट्याचे काय? वैद्यकीय प्रवेशातील आमचा ७० टक्के कोटा काढून घेतला तो कोणत्या कायद्याने?

उत्तर: वैद्यकीय प्रवेशांत पूर्वी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग करून प्रत्येक विभागातील ७० टक्के जागा त्याच विभागातून बारावी झालेल्यांना आणि ३० टक्के संपूर्ण राज्याला, अशी पद्धत होती. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ती रद्द केली. हा न्यायालयाचा निकाल नव्हता, सरकारचा निर्णय होता. मराठवाड्यातून त्या पद्धतीविरुद्ध मोठी ओरड होती, कारण तेथे महाविद्यालये कमी आणि गुणवत्ता यादीत वर येणारी मुले अधिक. तेव्हा ज्याला आपण संरक्षण म्हणतो त्याला शेजारी अडसर म्हणत होता, हेही मान्य केले पाहिजे.

कायद्याच्या दृष्टीने, अनुच्छेद १५ मध्ये जन्मस्थानावरून भेदभावास मनाई आहे, परंतु जन्मस्थान आणि रहिवास या वेगळ्या बाबी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात सांगितले. म्हणून पदवीच्या प्रवेशांत रहिवासाचा काही प्रमाणात विचार चालतो. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांत मात्र राज्याच्या कोट्यातही रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य असल्याचे न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ठरवले.

आपण कोट्याविषयी विचारले आहे. मी अनुच्छेद ३७१ च्या दुसऱ्या खंडाकडे लक्ष वेधतो. विदर्भासह तिन्ही विभागांसाठी विकास मंडळे स्थापन करण्याची आणि तंत्रशिक्षण व व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी न्याय्य रीतीने पुरवण्याची विशेष जबाबदारी त्याद्वारे राज्यपालांवर सोपवता येते. ‘या संविधानात काहीही असले तरी’ अशा भक्कम शब्दांनी तो अनुच्छेद सुरू होतो. १९९४ मध्ये ही मंडळे स्थापन झाली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. म्हणजे कोटा जाण्याच्या काही महिने आधी मंडळाची मुदत संपली होती, आणि तिच्याविषयी आपल्या भागातून त्या मानाने फारच कमी पत्रे येतात. जागा राखण्याचा हक्क वादग्रस्त राहील; महाविद्यालये, वसतिगृहे आणि प्रयोगशाळा मागण्याचा आधार घटनेच्या मजकुरात आहे.

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ): अमेरिकेत वंश पाहायचा नाही, मग माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारी सवलत कशी चालते?

उत्तर: चालते, कारण तिला रोखणारी घटनात्मक तरतूद नाही. हार्वर्डच्या खटल्यातच ही बाब पुढे आली होती आणि न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी वेगळे मत लिहून, अशा सवलतींचा लाभ मुख्यतः श्वेतवर्णीय आणि सधन अर्जदारांना होतो, हे नोंदवले. पण निकालाने त्यांना हात लावला नाही. कोलोरॅडोने २०२१ मध्ये आपल्या सरकारी विद्यापीठांत ती सवलत बंद केली आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खासगी विद्यापीठांसाठीही कायदा केला. मला विचाराल तर, आजोबा शिकले म्हणून नातवाला प्राधान्य देणे हे जन्म पाहण्याचेच काम आहे. वंश पाहणे थांबल्यावर काय झाले, तेही सांगतो. निकालानंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या पहिल्याच तुकडीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले आणि आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांचे ४० वरून ४७ टक्क्यांवर गेले. येल आणि प्रिन्स्टनमध्ये मात्र कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले, तेव्हा एकाच विद्यापीठाच्या आकड्यांवरून सर्वत्र तसेच झाले असे समजू नये.

प्रश्न (पवनी, जि. भंडारा): अमेरिकेतील मुले आपला वंश कशी सिद्ध करतात? आम्हाला जातवैधतेसाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात. आमचे घराणे हातमागावरचे आहे आणि जुन्या कागदांत कुठे हलबा, कुठे कोष्टी अशी नोंद आहे.

उत्तर: तेथे सिद्ध करावे लागतच नव्हते. अर्जदार स्वतः रकान्यावर खूण करी आणि विद्यापीठ ती मानून घेई. आपल्याकडे राखीव जागा मोजून दिल्या जातात, म्हणून पुरावाही मोजूनच मागितला जातो, आणि त्याचा सर्वाधिक जाच ज्यांच्या घरी कागद जपण्याची सोयच नव्हती त्यांना होतो.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबाबत मला खोटी आशा दाखवायची नाही. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद’ या प्रकरणात २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले की, अनुसूचित जमातींच्या यादीत ‘हलबा’ अशी नोंद आहे, ती जशी आहे तशीच वाचावी लागेल. हलबा कोष्टी तिच्यात येतात का, याची चौकशी कोणत्याही न्यायालयाला करता येणार नाही आणि यादी बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३४२ नुसार केवळ संसदेला आहे. त्या प्रकरणातील विद्यार्थ्याचे वैद्यकीय शिक्षण तोवर पूर्ण झाले होते, म्हणून त्याची पदवी कायम ठेवली गेली, परंतु पुढे जमातीचा लाभ घेता येणार नाही असे बजावले गेले. त्या सवलतीचा आधार घेऊन अनेकांनी आपले प्रवेश आणि नोकऱ्या वाचवण्याचा प्रयत्न केला. २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, ती त्या प्रकरणापुरती होती आणि दावा अवैध ठरल्यास राज्याच्या जातपडताळणी कायद्यानुसार लाभ काढून घेतला जाईल. म्हणून ज्या कागदावर ‘कोष्टी’ लिहिले आहे तो बाजूला सारून केवळ ‘हलबा’ लिहिलेला कागद जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. जातपडताळणी समिती दक्षता पथकामार्फत जुन्या नोंदी काढते आणि दडवलेला कागद दाव्याला अधिक घातक ठरतो.

ज्यांच्या नोंदी सरळ आहेत त्यांच्यासाठी एवढे सांगतो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा अधिक महत्त्वाचा मानला जातो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदीची प्रमाणित नक्कल मागावी, जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील गावांसाठी ती अनेकदा सापडते. सोबत वंशावळीचे शपथपत्र आणि रक्तनात्यातील कोणाला वैधता मिळाली असेल तर त्या प्रमाणपत्राची प्रत जोडावी. अनुसूचित जमातीचे दावे आदिवासी विकास विभागाच्या समितीकडे जातात आणि इतरांचे जिल्हा समितीकडे. अर्ज मूल अकरावीत असतानाच करावा. बारावीच्या निकालानंतर धावपळ करून वैधता मिळाली नाही म्हणून हातची जागा गेलेली मुले दरवर्षी पाहण्यात येतात, आणि त्या वेळी वकिलाकडे येऊन फारसा उपयोग होत नाही.